मोटारीचे इंजिन चालू होत नाही तेव्हा

इंदूर शहराच्या नैऋत्येस, आग्रा-मुंबई रस्त्यालगत राजेंद्र नगर ही वसाहत आहे. इंदुरातील मराठी कुटुंबांची येथे मोठी वस्ती आहे. येथून निघालेला हाच रस्ता राऊ, मानपूर, सेंधवा अशी गावे व घाट ओलांडून धुळ्याकडे महाराष्ट्रात उतरतो. लग्नकार्य असो, कुलदैवताचे दर्शन असो किंवा गावाकडील एखादे आजारपण असो, येथील मोटार पहाटे दाराबाहेर काढली जाते ती बहुधा याच रस्त्याने जाण्यासाठी. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने जानेवारीच्या पहाटे येथे पारा कित्येकदा १० अंशांखाली उतरतो. रात्रभर उघड्यावर गारठलेल्या मोटारीत किल्ली फिरवावी आणि इंजिनाने एकदोनदा कण्हून गप्प बसावे, हा अनुभव अशा वेळी अनेकांना येतो.

त्यानंतरच्या दहा मिनिटांत जे घडते ते अभ्यासण्याजोगे असते. शेजारपाजारचे चारजण जमतात. एकजण बॉनेट उघडून काडीच्या उजेडात आत डोकावतो. दुसरा बाटलीभर पेट्रोल आणावयास धावतो. तिसरा मुलांना हाका मारून मागून धक्का देण्यास उभे करतो. प्रत्येकाचा हेतू चांगलाच असतो. तथापि चालू न होणारे इंजिन ही स्वतः निरुपद्रवी वस्तू आहे. ते हलत नाही, तापत नाही, कोणास इजा करीत नाही. भाजणे, चिरडणे, डोळ्यांत आम्ल उडणे हे सर्व प्रकार इंजिन चालू करण्याच्या खटपटीतून होतात. म्हणून कोणती खटपट करावी आणि कोणती टाळावी, हे कारणांसह समजून घेणे इष्ट ठरते.

आवाजावरून निदान

बॉनेटला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. गिअर न्यूट्रलमध्ये असावा आणि हँडब्रेक ओढलेला असावा. अलीकडच्या अनेक गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याखेरीज सेल्फ लागतच नाही, आणि स्वयंचलित गिअरच्या गाडीत दांडा ‘पार्क’ किंवा न्यूट्रलवर नसेल तर तीच गत होते. ‘गाडी बिघडली’ म्हणून मिस्त्रीस बोलवावे आणि त्याने नुसता दांडा सरकवून गाडी चालू करावी, असे प्रसंग विरळा नाहीत. किल्लीत संकेत साठविलेल्या गाड्यांत किल्लीतील लहानसा सेल संपला असेल तरी गाडी दाद देत नाही. त्यासाठी कोणती तजवीज केली आहे ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

यानंतर पुढचे दिवे लावून किल्ली एकदा फिरवावी आणि कान व डोळे उघडे ठेवावेत. दिवे एकदम मंदावले व ‘टकटकटक’ असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल ढिले अथवा गंजलेले आहे असे समजावे. इंजिन जड हाताने, रेंगाळत फिरत असेल तरी संशय बॅटरीवरच घ्यावा. दिवे लख्ख राहिले आणि एकच ‘टक्’ ऐकू आला अथवा काहीच ऐकू आले नाही, तर दोष सेल्फमध्ये, त्याच्या स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये असण्याचा संभव अधिक. सेल्फ मोकळा घरघरतो पण इंजिन फिरत नाही, तेव्हा त्याचे दाते इंजिनाच्या चक्रात अडकत नाहीत असा अर्थ होतो. आणि इंजिन नेहमीच्या वेगाने फिरूनही पेट घेत नसेल, तर बॅटरी निर्दोष असून इंधन किंवा ठिणगी यांपैकी काहीतरी पोचत नाही, असे जाणावे. या शेवटच्या प्रकारात बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारीत राहणारे लोक एका बिघाडाचे दोन बिघाड करून ठेवतात. सेल्फ एका वेळी १० सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान एक मिनिट जाऊ द्यावे. सेल्फची मोटर काही क्षणांपुरता प्रचंड प्रवाह ओढण्यासाठी बनविलेली असते. सतत चालविल्यास ती व तिच्या तारा तापतात.

बॅटरीचा हिशेब

मोटारीच्या १२ व्होल्ट बॅटरीत शिशाच्या पत्र्यांचे व पातळ गंधकाम्लाचे ६ खाने असतात. प्रत्येक खान्याचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली स्वस्थ बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. हाच आकडा १२ वर आला म्हणजे बॅटरी बहुतांशी रिकामी झालेली असते. अर्धा व्होल्ट कमी म्हणजे फारसे काही नव्हे, असा समज त्यामुळे फसवा ठरतो.

दिवे चालू राहिल्याने बॅटरी कशी उतरते याचे गणित शाळेतील वरच्या वर्गांतही करून दाखविता येईल. पुढचे दोन दिवे प्रत्येकी ६० वॉटचे धरल्यास एकूण १२० वॉट होतात. त्यास १२ व्होल्टने भागले की १० अँपिअर प्रवाह मिळतो. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल, तर साडेतीन तासांत ती रिती होईल. सायंकाळी गाण्याच्या कार्यक्रमास जाताना दिवे मालवावयाचे राहिले, तर भैरवी संपेपर्यंत गाडीचा सेल्फ उठणार नाही. इतकेच नव्हे, तर सेल्फला एका झटक्यात शंभराहून अधिक अँपिअर लागत असल्याने बॅटरी पुरती रिकामी होण्याच्या बरीच आधी ती त्याला नकार देते. थंडीत या नकाराची वेळ आणखी अलीकडे येते, कारण गारव्याने बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी इंजिनातील तेल दाट होऊन ते फिरविण्यास अधिक जोर लागतो.

पुष्कळदा बॅटरी शाबूत असते आणि दोष केवळ टर्मिनलवर साचलेल्या पांढरट-हिरवट क्षारांचा असतो. गाडीला लिंबू-मिरची दर शनिवारी नवी बांधली जाते, परंतु टर्मिनल वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. किल्ली बंद करून आधी ऋण टोकाची तार सोडवावी, मग धन टोकाची. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने टोके धुऊन, पुसून, तारा घट्ट बसवाव्यात. बसविताना क्रम उलटा, म्हणजे धन आधी व ऋण शेवटी. वरून थोडे व्हॅसलिन लावावे. हा क्रम निष्कारण सांगितलेला नाही. गाडीचा सर्व धातूचा सांगाडा ऋण टोकाशी जोडलेला असतो. ऋण तार जागेवर असताना धन टोकाचा पाना चुकून सांगाड्यास टेकला, तर त्या पान्यातून बॅटरीचा सारा प्रवाह वाहतो आणि ठिणग्यांचा लोळ उठतो. हातातील अंगठी किंवा धातूचा घड्याळपट्टा अशा वेळी क्षणात तापून कातडीत रुततो. तो आधीच काढून ठेवावा.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर आपली गाडी चालू करणे आता सर्वत्र रूढ झाले आहे. त्यातील धोका विजेचा धक्का बसण्याचा नाही. १२ व्होल्टचा दाब माणसास झटका देण्याइतका नसतो. धोका हायड्रोजन वायूचा आहे. बॅटरी भरली जात असताना हा वायू सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बॅटरीचे कवच फुटून आम्ल तोंडावर उडते. म्हणूनच काडी ओढून किंवा विडी ओठांत धरून बॅटरीवर वाकणे अक्षम्य होय. उजेडासाठी विजेरी वापरावी.

जोडणी करताना दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्याच आहेत, एकमेकींस टेकलेल्या नाहीत व दोन्हींची इंजिने बंद आहेत, याची खात्री करावी. लाल तारेचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकास व दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन टोकास लावावे. मग काळ्या तारेचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास लावावे. काळ्या तारेचे उरलेले टोक मात्र उतरलेल्या बॅटरीस लावू नये. ते बंद गाडीच्या इंजिनावरील एखाद्या उघड्या, रंग नसलेल्या धातूच्या भागास, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटच्या जोडणीच्या वेळी ठिणगी उडतेच. ती बॅटरीजवळ न उडता दूर उडावी, एवढ्यासाठी ही योजना आहे. यानंतर चांगली गाडी चालू करून काही मिनिटे थांबावे व मग दुसरीचा सेल्फ मारावा. तारा काढताना नेमका उलटा क्रम पाळावा. माहितीपुस्तिकेत एखाद्या गाडीसाठी निराळी जागा सांगितली असेल, तर तीच प्रमाण मानावी. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळती असेल, तर हा प्रयोग करूच नये. आम्ल डोळ्यांत गेल्यास क्षणभरही न थांबता वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा आणि नंतर डॉक्टरांकडे न्यावे. डॉक्टर गाठण्याच्या घाईत धुणे लांबणीवर टाकणे ही घातक चूक आहे.

पेट्रोलची बाटली

आवाजावरून दोष इंधनाचा आहे असे ठरले, की जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांबाबत एक प्रथा हमखास आठवते. एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीतून पेट्रोल ओतावयाचे आणि दुसऱ्याने सेल्फ मारावयाचा. गाडी कधीकधी चालूही होते, आणि त्यामुळेच ही प्रथा टिकून आहे. परंतु ठिणगीची वेळ चुकली अथवा एखादी झडप नीट बसली नाही, तर सिलिंडरातील ज्वाला उलट कार्ब्युरेटरच्या तोंडातून बाहेर येते. त्या क्षणी तेथे माणसाचा चेहरा असतो आणि हातात पेट्रोलची उघडी बाटली. दचकून हात मागे घेताच पेटते पेट्रोल अंगावर व शेजाऱ्यांवर सांडते. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या सुमारासही पेट घेऊ शकते, म्हणजे माळव्यातील कडाक्याची थंडी तिच्या दृष्टीने काहीच नव्हे. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते व दूरवरच्या शेगडीपर्यंत पोचते. हा प्रकार कोणत्याही परिस्थितीत करू नये. नव्या, इंधन फवारणाऱ्या गाड्यांत तर त्याचा उपयोगही नाही.

पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिनाने जास्त पेट्रोल घेतले आहे किंवा कोठेतरी गळती आहे. प्रथम गाडीखाली व पाइपांवर ओल दिसते का ते पाहावे. गळती दिसल्यास किल्लीला हात न लावता सर्वांनी दूर व्हावे. गळती नसल्यास बॉनेट उघडे ठेवून दहा मिनिटे वाट पाहावी. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक पूर्ण आत ढकलून, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून, तो पुन्हापुन्हा न मारता, काही सेकंद सेल्फ मारावा. सीएनजीच्या गाडीत वायूचा वास आल्यास सेल्फ मुळीच मारू नये. दारे उघडावीत, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि जाणकारास बोलवावे. एका टाकीतील पेट्रोल नळीने तोंड लावून दुसरीकडे ओढण्याची सवयही सोडावी. थोडेसे पेट्रोल फुप्फुसात गेले तरी जिवावर बेतू शकते. कोणी चुकून गिळल्यास त्यास वांती करविण्याचा प्रयत्न करू नये, कारण वर येताना ते फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. सरळ रुग्णालय गाठावे.

उन्हाळ्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने समोर येतो. कुर्ला येथील कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांत पेट्रोल चढविणारा पंप इंजिनालाच जोडलेला असे. मे महिन्यात सेंधव्याजवळचा बिजासन घाट चढताना तो पंप व त्याची नळी इतकी तापे की पेट्रोलची आतच वाफ होई आणि गाडी दुपारच्या उन्हात उभी राही. पंपावर ओले फडके गुंडाळून अर्धा तास विसावा घेणे हा त्यावरचा जुना उपाय अगदी शास्त्रोक्त आहे. मुंबईच्या टॅक्सींतूनही पद्मिनी २०२३ साली निघून गेली, तरी हौसेने जपलेल्या अशा गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. मात्र त्या विसाव्यात रेडिएटरचे झाकण उघडून पाणी घालण्याचा मोह टाळावा. आतील पाणी दाबाखाली १०० अंशांहूनही अधिक तापलेले असते आणि झाकण सैल होताच ते कारंज्यासारखे उसळते. तासभर निवल्यावरच जाड फडके धरून झाकण हळूहळू फिरवावे.

धक्का, हँडल आणि स्क्रू-ड्रायव्हर

धक्का मारून गाडी चालू करणे केवळ हाती गिअर बदलण्याच्या गाड्यांतच शक्य आहे. किल्ली चालू ठेवावी, नाहीतर स्टिअरिंग अडकून बसते. दुसरा गिअर टाकून क्लच दाबून धरावा आणि गाडीस वेग आल्यावर क्लच सोडावा. चालकाने आधी एक गोष्ट ओळखून असावे. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारे साहाय्य एकदोन दाबांतच संपते आणि स्टिअरिंगही जड होते. म्हणून उतारावर, रहदारीत अथवा चालक नवशिका असता धक्का मारू नये. लहान मुलांना धक्का देण्यास कधीही लावू नये. मूल घसरले आणि गाडी मागे आली, तर ते सर्वप्रथम चाकाखाली सापडते. दोरीने ओढून इंजिन चालू करणे याहूनही वाईट, कारण मागची गाडी चालू होताच झेप घेऊन पुढच्या गाडीवर आदळते. राजेंद्र नगरच्या आतील सपाट गल्लीत पहाटे जे साधेल, ते आग्रा-मुंबई रस्त्यावर मालमोटारींच्या रांगेत करावयास जाणे योग्य नव्हे.

जुन्या अँबॅसडर गाडीस पुढून हँडल मारण्याची सोय होती. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा सेल्फ आला, तोवर बहुतेक मोटारी हँडलनेच चालू होत, आणि इंजिनाने उलटा झटका दिल्याने मनगटे मोडणे ही नित्याची बाब होती. केटरिंग यांनी आधी पैसे मोजण्याच्या यंत्रासाठी एक छोटी विजेची मोटर बनविली होती. क्षणभरच जोर लागणार असेल, तर लहान मोटरकडूनही तो काढून घेता येतो, ही तीमधील कल्पना त्यांनी मोटारगाडीस लागू केली. आजही जपून ठेवलेल्या गाडीस हँडल मारावयाचे झाल्यास अंगठा मुठीभोवती न वळवता बोटांच्याच बाजूस ठेवावा आणि हँडल खालून वर ओढावे, वरून खाली दाबू नये. झटका आल्यास हात आपोआप सुटून येतो.

खेड्यांतून ट्रॅक्टरच्या बाबतीत एक फार धोकादायक रीत दिसते. किल्लीचा स्विच बिघडलेला असल्याने माणूस जमिनीवर, मागच्या मोठ्या चाकापुढे उभा राहून सेल्फच्या दोन टोकांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा धरतो. असे केल्याने गिअर न्यूट्रलमध्ये असल्याखेरीज सेल्फ लागू न देणारी सुरक्षेची योजनाच निष्फळ होते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर तो तत्क्षणी चालू होऊन समोरच्या माणसावरून जातो. बाजूला सरकण्यास त्यास वेळच मिळत नाही. मोटारीच्या बॉनेटपुढे उभे राहून हाच प्रयोग करणाऱ्यांनाही भिंत आणि गाडी यांच्यामध्ये चिरडण्याचा धोका असतो. नव्या स्विचचा खर्च वाचविण्यासाठी हंगामभर चालणारी ही रीत ग्रामपंचायतींनी व शाळांनी गावात आवर्जून बंद पाडावी.

रस्त्यावर आणि पाण्यात

धावत्या रस्त्यावर इंजिन बंद पडून पुन्हा चालू होत नसेल, तर दुरुस्तीपूर्वी गाडीची जागा महत्त्वाची. वेग शिल्लक असेपर्यंत गाडी डाव्या कडेस घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, परावर्तक त्रिकोण बराच मागे ठेवावा आणि माणसांनी गाडीत अथवा गाडीमागे न थांबता रस्त्याबाहेर उभे राहावे. वळणावर किंवा घाटात चाकांखाली लावलेले दगड निघताना बाजूस टाकावेत. ते तसेच रस्त्यात सोडून जाणारे पुढच्या दुचाकीस्वारासाठी सापळा रचून जातात. धोकादायक स्थितीत वाहन उभे करणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ खाली निषिद्ध आहे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ व अन्यत्र ११२ या क्रमांकावर साहाय्य मागता येते. रेल्वेच्या फाटकात गाडी बंद पडल्यास सेल्फ मारीत न बसता प्रथम सर्व माणसांना उतरवून रुळांपासून दूर न्यावे व फाटकवाल्यास तत्काळ कळवावे.

घराच्या बंद गॅरेजमध्ये गाडी एकदाची चालू झाल्यावर ती ‘बॅटरी भरू दे’ म्हणून तशीच चालू ठेवण्यातही धोका आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही की वास नाही. माणसास गुंगी येते आणि धोका कळण्यापूर्वीच शुद्ध हरपते. गाडी उघड्यावर काढूनच चालू ठेवावी.

एका प्रसंगी मात्र इंजिन चालू करण्याचा पहिला प्रयत्नही करू नये. पावसाळ्यात नाल्याच्या किंवा तुंबलेल्या रस्त्याच्या पाण्यात गाडी बंद पडली, अथवा दारात उभ्या गाडीत रात्री पाणी चढले, तर हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरात गेलेले असण्याचा संभव असतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सेल्फ मारताच पिस्टन त्या पाण्यावर आपटतो आणि त्यास जोडलेला पोलादी दांडा वाकतो. थोड्या खर्चात सुटणाऱ्या इंजिनाची मग पूर्ण बांधणी करावी लागते. अशी गाडी माणसांनी ढकलून कोरड्या जागी आणावी, बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि ओढून कार्यशाळेत न्यावी. तेथे पेट्रोल इंजिनाचे प्लग काढून ते आधी हाताने फिरवितात, सिलिंडरातील पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर काढतात, तेल दुधाळ झाले असल्यास ते बदलतात, आणि एअर फिल्टर कोरडा अथवा नवा बसविल्यावरच किल्ली फिरवितात.